‘गेटपर्यंत येऊ नकोस’ म्हणणारी लेक आणि आईची घालमेल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. लेक सहावीत आहे, वय साडेअकरा. घर पुण्याच्या एका उपनगरात, शाळा दीड किलोमीटरवर, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरणारी. बालवाडीपासून तुम्हीच तिला स्कूटरवरून सोडता आणि आणता, आणि त्यासाठी पूर्णवेळ नोकरी सोडून घरून करता येईल असं काम पत्करलंत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं जाहीर केलं, की आता ती सोसायटीतल्या दोन मैत्रिणींबरोबर सायकलने जाणार. आणि तोपर्यंत, ‘तू गेटपर्यंत येऊ नकोस, कोपऱ्यावरच सोड.’ नवरा म्हणतो, जाऊ दे की. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला एकटं कसं सोडायचं? तुम्ही लिहिता, ‘मला भीती वाटते हे खरं आहे. पण तिनं कोपऱ्यावर सोड म्हटलं तेव्हा घशाशी जे आलं, ते भीतीनं नव्हतं. माझं काही चुकतंय का? आणि सोडायचंच असेल तर सुरुवात कधी करू?’

चुकत काहीच नाही. पुण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना मी बरीच वर्षं पालकांशी बोलते आहे. त्या एका वाक्यात तुम्ही जे ओळखलंत, ते पुष्कळांना लवकर ओळखता येत नाही. तुमच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भीती: रस्त्याची, गाड्यांची, माणसांची. दुसरी हुरहुर: रोजचा एक सहवास संपत आल्याची. दोन्ही खऱ्या आहेत, पण घरात दोन्हींना ‘काळजी’ हे एकच नाव मिळतं. आईनं काळजी करायचीच असते, त्यामुळे त्यावर कुणी काही विचारत नाही. हुरहुर मात्र बोलून दाखवायची लाज वाटते. मूल शाळेतच तर चाललंय, त्यात एवढं काय! मग ती हुरहुर भीतीच्या नावाखाली बाहेर पडते.

यात घोटाळा असा होतो, की भीतीवर उपाय करता येतात. रस्ता बघता येतो, सराव घेता येतो, सोबत जमवता येते. पण आत हुरहुर असेल तर कितीही उपाय केले तरी आईचं समाधान होत नाही. हेल्मेट आलं, मैत्रिणी बरोबर आहेत, रस्ता पाठ झाला, तरी रोज नवीन धोका सापडत राहतो. मूल हे टिपतं. सांगितलेलं सगळं केलं तरी आई नाहीच म्हणते, याचा अर्थ अकरा वर्षांची मुलगी एकच लावते: आईचा माझ्यावर भरवसा नाही. प्रत्यक्षात आईचा भरवसा असतो, तिला फक्त वाईट वाटत असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. भीतीचं जे करायचं ते रस्त्यावर करा. हुरहुरीला घरात जागा द्या.

आधी हुरहुरीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

रोजच्या त्या दहा मिनिटांत काय घडत होतं ते आठवून बघा. स्कूटरवर मागे बसलेलं मूल आईच्या पाठीशी बोलतं. आईचं तोंड पुढे, डोळे रस्त्यावर, हात हँडलवर. नजरेला नजर नसते, म्हणून जे एरवी ओठांवर येत नाही ते तिथे येतं. ‘काल मला खेळायला घेतलंच नाही.’ ‘बाई सगळ्यांसमोर ओरडल्या.’ ‘आई, अमकी म्हणते तिला आता पाळी येते, ते कसं असतं?’ सिग्नलला गाडी थांबली की वाक्य अर्धवट राहतं, कारण बाजूचे ऐकतील. सिग्नल सुटला की पुढे सुरू. आणि शाळा जवळ आलेली असल्यानं विषय फार लांबणार नाही, ही मुलाला केवढी तरी सोय असते! घरी समोर बसवून ‘आज शाळेत काय झालं?’ विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणजे तुमचं नुकसान काल्पनिक नाही. मुलीच्या मनात काय चाललंय हे कळण्याची तुमची सगळ्यात भरवशाची जागा जाते आहे.

ही जागा भरून काढता येते, पण तिचा स्वभाव तसाच राहायला हवा. शेजारी-शेजारी असणं, हात कामात असणं, नजर दुसरीकडे असणं आणि वेळ थोडा असणं. मटार सोलणं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, जेवणानंतर सोसायटीच्या आवारात एक फेरी, कोपऱ्यावरून दही आणायला दोघींनी चालत जाणं. तिथे प्रश्न विचारू नका. पहिले काही दिवस ती काही बोलणार नाही आणि तुम्हाला वाटेल की हे जमत नाहीये. जमतं. तिला नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो, इतकंच. एक पथ्य मात्र पाळा: अशा वेळी तिनं सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध वापरायची नाही, आणि बाबांना किंवा आजीला तिच्यादेखत सांगायची नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या दिवसाची. मुलीला शाळेत सोडणं-आणणं ही तुमच्यासाठी जवळजवळ नोकरीच होती. तिच्याभोवती स्वयंपाक, ऑनलाइन मीटिंगा, आंघोळ, बाजार, सगळ्याचं वेळापत्रक बसवलेलं. गेटबाहेर थांबणाऱ्या आयांचा एक कट्टा असतो. तिथे डॉक्टरांचे पत्ते मिळतात, क्लासची माहिती मिळते, घरात कुणाशी बोलता येत नाही ते बोललं जातं. हे काम संपतं तेव्हा निरोप समारंभ होत नाही. लोक म्हणतात, ‘बरं झालं, आता तुला वेळच वेळ.’ नवरा ‘जाऊ दे की’ इतक्या सहज म्हणू शकतो, कारण त्याच्या दिवसात काही बदलत नाही. त्याच्यावर रागावण्यापेक्षा त्याला हे सांगा. ‘मला भीती वाटते’ असं नाही, ‘मला वाईट वाटतंय’ असं सांगा. आणि सरावातला ठरलेला वाटा त्याच्याकडे द्या. तो कोणता ते पुढे येतं. मोकळी झालेली सकाळ लगेच घरकामानं भरू नका. पूर्णवेळ नोकरी सोडताना जे मागे राहिलं, त्याकडे परत बघायची ही वेळ असू शकते. मुलगी दहावीला जाईपर्यंत थांबू, असं मात्र म्हणू नका.

(पुण्यात नातवंडांना शाळेत पोहोचवणारे आजोबा खूप आहेत. दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेटपाशी उभे असतात. मूल एकटं जायला लागलं की त्यांची पहाट रिकामी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांच्या घरी असे आजोबा असतील त्यांनी त्यांच्याशी हे आवर्जून बोलावं. परतीच्या वेळी मुलांना खाली भेटणं, सायकलच्या हवेची आणि ब्रेकची जबाबदारी, असं काहीतरी खरं काम त्यांच्याकडे ठेवावं.)

आता ‘कोपऱ्यावर सोड’ याबद्दल. अकरा-बाराच्या सुमारास मुलांना आपण इतरांना कसे दिसतो याची तीव्र जाणीव होते. वर्गातल्या मुलांसमोर आईनं केस नीट करणं, ‘डबा खा हं’ म्हणून हाक मारणं त्यांना नको होतं. तो तुमचा धिक्कार नाही. तीच मुलगी रात्री तुमच्या पांघरुणात पाय घालून झोपत असेल. तेव्हा तिला हवं तिथेच, उद्यापासूनच सोडा, आणि हसतमुखानं सोडा. फक्त कोपरा दोघींनी मिळून निवडा: गाडी डावीकडे पूर्ण थांबवता येईल असा, आणि जिथून तिला रस्ता न ओलांडता फुटपाथवरून गेटपर्यंत जाता येईल असा. परीक्षेच्या दिवशी, पोट दुखत असताना, मैत्रिणीशी भांडण झालेलं असताना ती स्वतःच म्हणेल, ‘आज गेटपर्यंत चल ना.’ तेव्हा जा. ‘बघ, शेवटी आईच लागते!’ हे वाक्य मात्र गिळून टाका. ते एकदा ऐकलेलं मूल पुढच्या वेळी गरज असूनही मागत नाही.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८मध्ये मांडलेला एक विचार मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. एकटं राहता येण्याची ताकद मुलात एकटं पडून येत नाही. भरवशाचं माणूस जवळ असताना, आपल्याच नादात राहायला मिळाल्यानं येते. स्कूटरवर मागे बसून ती गाणं पुटपुटत असायची, दुकानांच्या पाट्या वाचत असायची आणि तुम्ही पुढे असायचात, ते दिवस याच कामी आले. ती आज ‘मी जाते’ म्हणते आहे, यात तुम्ही तिला नेऊन सोडलेल्या वर्षांचा मोठा वाटा आहे.

आता भीती. ती खोटी ठरवायचा माझा मुळीच विचार नाही.

‘आम्ही लहानपणी एकटेच जायचो’ हे वाक्य प्रत्येक घरात निघतं. ते खरं आहे, पण त्यानं आजच्या आईला काही मदत होत नाही. हा बदल फक्त आपल्याकडेही झालेला नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं होतं: १९७१मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात, १९९०मध्ये ते प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली ती रस्ते सुरक्षित झाले म्हणून नाही, तर मुलांना रस्त्यावरून काढून घेतलं म्हणून. हे आपल्या शाळांच्या गेटवर रोज दिसतं. सकाळी सातला तिथे जी कोंडी असते ती बाहेरच्या वाहनांची नसते. आपल्याच गाड्या, आपल्याच स्कूटरी, मुलांनी भरलेल्या रिक्षा आणि व्हॅन. चालत किंवा सायकलवर येणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते गेटच्या आसपासच.

साडेअकरा वर्षांच्या मुलीला काय जमतं? वाट लक्षात ठेवणं, वेळ पाळणं, अनोळखी माणसाला नाही म्हणणं हे जमतं. कमी पडतो तो वेगाचा अंदाज. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलवे कॉलेजमधल्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवून दिलं, की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा वेगानं येणारं वाहन आपल्याकडे येत आहे हे खात्रीनं ओळखता येत नाही. मोठ्या माणसांना ते ताशी ८० किलोमीटरपर्यंत जमतं. वाहन जवळ येताना त्याचा आकार किती झपाट्यानं मोठा होतो, हे टिपण्याची डोळ्यांची आणि मेंदूची क्षमता त्या वयात पुरती पिकलेली नसते. तुमची लेक त्या वयाच्या उंबरठ्याच्या थोडी पलीकडे आहे, तरी मी तिला ‘नीट बघून ओलांड’ एवढ्यावर सोडणार नाही. तिचा नियम असा हवा, की जिथे गाड्या थांबतात तिथेच ओलांडायचं, आणि त्या खरोखर थांबलेल्या दिसल्यावरच. सिग्नल आपल्या बाजूचा झाला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं पुण्यात धरून चालता येत नाही. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे बघायचं, कारण उलट्या दिशेनं दुचाकी येतेच. सायकल हातात धरून, चालत ओलांडायचं, चढून नाही.

सायकलबद्दलही थोडं. ‘अजून तीन वर्षं चालेल’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसल्यावर दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दप्तर पाठीवर असलं की वळताना तोल जातो, म्हणून ते कॅरिअरला पट्ट्यानं बांधायचं. २०२०च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. तुमच्या मुलीचं दप्तर एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. जास्त भरलं तर वर्गशिक्षकांशी बोला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असेल तरच हेल्मेट घातलं असं धरा. बस किंवा टेम्पोच्या डाव्या बाजूला, त्याला खेटून कधीच उभं राहायचं नाही: चालकाला तिथलं दिसत नाही आणि त्याला डावीकडे वळायचं असतं. मैत्रिणी तीन असल्या तरी रांगेत जायचं, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. हा नियम सगळ्यात लवकर मोडतो. म्हणून तिन्ही घरांनी तो एकत्र बसून, तिघींच्या समोर ठरवावा.

सराव कसा घ्यायचा? पहिल्यांदा तिच्या वेळेला, तिच्या वाटेनं, दोघींनी चालत जा. स्कूटरवरून रोज बघितलेला रस्ता चालताना वेगळाच दिसतो: कुठे फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, कुठे गटाराचं झाकण खचलंय, कुठल्या सोसायटीच्या गेटमधून गाडी मागे न बघता बाहेर येते. मग ती सायकलवर पुढे आणि मोठं माणूस सायकलवरच मागे. हे काम बाबांकडे द्या. मागच्यानं गप्प राहायचं. बोलायचं तिनं, मोठ्यानं: ‘समोरून रिक्षा वळतेय, मी थांबते.’ ती काय बघते आणि काय बघत नाही हे त्यातूनच कळतं. चूक झाली तर रस्त्यावर ओरडायचं नाही, घरी पोहोचल्यावर सांगायचं. पुढचा टप्पा असा: मोठ्या माणसानं फक्त अवघड चौकात उभं राहायचं आणि बाकीचं अंतर तिनं जायचं. त्यानंतर चौकातही नाही. प्रत्येक टप्पा किती दिवस चालेल हे आधी ठरवू नका. तिचं वागणं बघून पुढे सरका, आणि एखादा टप्पा परत घ्यावा लागला तर शिक्षा म्हणून घेऊ नका.

आता सासूबाईंचं म्हणणं. ‘पोरीची जात’ हे शब्द ऐकून तुम्हाला राग आला असेल. पण त्यांच्या पिढीनं बाईच्या वाट्याला रस्त्यावर काय येतं ते सोसलेलं आहे, आणि छेडछाड आजही होते. ती नाकारून मुलीला तयार करता येत नाही. मला खटकतं ते एवढंच, की त्याच घरात सहावीतल्या मुलाला सायकल मिळते आणि मुलीला नववीपर्यंत थांबवलं जातं. थांबवल्यानं तिला काही शिकायला मिळत नाही. नववीतही ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडते, फक्त तोवर तिला भीती जास्त शिकवलेली असते.

मुलींशी बोलताना मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट ऐकू येते. रस्त्यात कुणी काही बोललं, मागे आलं, अंगाला हात लावला, तर त्या घरी सांगत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, ‘सांगितलं की जाणंच बंद होईल.’ तिला एकटं सोडण्याआधी तुम्ही दोघांनी, आणि जमलं तर सासूबाईंनीही, तिला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं: ‘काहीही झालं तरी आम्हाला सांग. त्यामुळे तुझी सायकल जाणार नाही. त्या माणसाचं काय करायचं ते आम्ही बघू, तू कशी चुकलीस असं कुणी विचारणार नाही.’ आणि हा शब्द पाळायचा. मी सांगितलेल्यांपैकी एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. हेल्मेट डोकं वाचवतं. हे वाक्य तिला घरापासून तुटू देत नाही.

बाकीची तयारी साधी आहे. वाटेवरचं मेडिकल, किराण्याचं दुकान, डेअरी, जिथे सकाळी माणसं असतात, तिथे तिला घेऊन जा आणि ओळख करून द्या: ‘ही माझी मुलगी, आता रोज इथून जाईल.’ दुकानदार लक्ष ठेवतात. त्यांना फक्त सांगावं लागतं. घरचा एक परवलीचा शब्द ठरवा. ‘तुझ्या आईनं पाठवलंय, चल’ असं कुणीही म्हटलं, ओळखीचा माणूस असला तरी, तो शब्द माहीत नसेल तर जायचं नाही. तुमचा आणि बाबांचा नंबर तिला तोंडपाठ हवा. तातडीच्या मदतीचा ११२ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हेही. फोन द्यायचा का, हा प्रश्न बहुतेक शाळा फोन आणू देत नसल्यानं आपोआपच सुटतो. जागा दाखवणारं घड्याळ घ्यावं का, असं बरेच पालक विचारतात. मी सुचवत नाही. आई सकाळभर नकाशावरचा ठिपका बघत बसते, तो दोन मिनिटं हलला नाही की जीव कासावीस होतो, आणि मुलगी शिकते की वाट सांभाळायचं काम आपलं नसून घड्याळाचं आहे. त्यापेक्षा शाळेला विचारा, की मूल हजेरीला नसेल तर घरी लगेच कळवलं जातं का. तेवढं असेल तर पुरे.

सासूबाईंना पटवण्यासाठी वाद घालू नका, त्यांना यात सामील करून घ्या. त्यांना हेही सांगता येईल, की याच महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकली देतं, गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. खेड्यातल्या त्या मुली एकट्या जातात ते हौसेनं नाही, त्यांना दुसरा मार्ग नसतो, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण मुलगी सायकल चालवत शाळेत जाऊ शकते, याबद्दल त्या घरांमध्ये शंका उरलेली नाही.

आणखी एक कारण मी पालकांना आवर्जून सांगते. ज्यांना सहावी-सातवीत सायकल नाकारली जाते, ती मुलं नववीत थेट स्कूटर मागतात, आणि दोन क्लासमधल्या धावपळीत दमलेले पालक ती देतात. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दंड बाजूला ठेवला तरी, रस्ता वाचायला न शिकलेल्या मुलाच्या हातात इंजिन देणं किती धोक्याचं आहे! रस्ता वाचायला शिकवायचं तर ही सायकलची वर्षंच बरी.

राहिला सुरुवात कधी करायची हा प्रश्न. महाराष्ट्रात २०२४पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय आहे, पण सहावीला तो लागू नाही. तुमच्या मुलीला सात-दहाच्या शाळेसाठी पावणेसातला निघावं लागतं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे ती अंधारात निघते. त्यामुळे सकाळपासून सुरुवात करू नका, परतीच्या प्रवासापासून करा. दुपारी साडेबाराला लख्ख उजेड असतो, शाळा गाठायची घाई नसते, आणि तुम्ही घरी असता. जानेवारी-फेब्रुवारीत आधी मोठ्यांबरोबरचा सराव आणि मग परतीचा प्रवास मैत्रिणींबरोबर, असं होऊ द्या. सकाळी तुम्ही सोडाल तेव्हा सायकल नसेल, म्हणून या दिवसांत तिघींनी परत चालत यावं. दीड किलोमीटर म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. मार्चच्या मध्यावर पावणेसातच्या आत उजाडू लागतं, तेव्हा सकाळची सायकल सुरू करा. वार्षिक परीक्षेचे दिवस हवं तर सोडून द्या.

जूनमध्ये पाऊस आला की सायकल काही दिवस बंद ठेवा. रेनकोटच्या टोपीनं बाजूचं दिसत नाही, रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की चाक घसरतं, आणि पाण्याखालचा खड्डा मोठ्यांनाही कळत नाही. त्या काळात तिघींनी चालत जावं, किंवा तिन्ही घरांनी सोडायच्या पाळ्या लावून घ्याव्यात. बऱ्याच शाळांची पहिली पालकसभा त्याच सुमारास असते. शालेय बसबाबत राज्याच्या २०११च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. ती समिती बसच्या पलीकडे फारसं काही बघत नाही, कारण पालकच विचारत नाहीत. तुम्ही विचारा: शाळा भरताना आणि सुटताना गेटसमोरचा पट्टा गाड्यांसाठी बंद ठेवता येईल का, सायकलवाल्या मुलांना दुसऱ्या गेटनं आत घेता येईल का, आणि स्टँडवर सहावी-सातवीच्या सायकलींना जागा मिळेल का. तीन घरांनी मिळून लेखी दिलं, तर मुख्याध्यापकांना ते बाजूला ठेवता येत नाही.